‘ताई, मी कादंबरीतल्या त्या माणसासारखाच व्हायलोय’

वाचकाचं पत्र (पत्र बरंच लांब होतं, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देते):

वय २८. मूळ गाव अंबाजोगाईकडचं. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलमधून जिल्हा परिषदेच्या शाळेवर निवड झाली आणि नेमणूक मिळाली किनवट तालुक्यात. शाळा दोन शिक्षकी. राहायला तालुक्याच्या गावी एक रूम केलीय, रोज गाडीवर अप-डाऊन. संध्याकाळी रूमवर आलं की दार लावून पुस्तक उघडायचं, हाच दिनक्रम. भालचंद्र नेमाडेंची ‘कोसला’ तर कितीदा वाचलीय, तिच्यातल्या पांडुरंग सांगवीकरसारखंच आता सगळं फालतू वाटतंय. सोबतचे सर डब्यातली भाजी पुढं करतात तर वाटतं हे उपकार दाखवायलेत. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, व्हॉट्सअॅप ग्रुपवर काही टाकलं आणि कुणी उत्तर दिलं नाही तर दिवसभर तेच डोक्यात. घरून फोन आला की दोन मिनिटांत ठेवून देतो. आई म्हणते, तुझा सोभावच बदललाय बघ. कथाही लिहितो, एक कथा संपादकांनी परत पाठवली आणि लिहिलं की नायक एकटा आहे ते कळतं, पण तो माणूस कोण आहे ते कळत नाही. ताई, एकटेपणानं माणूस कायमचा बदलतो का? पुस्तकांत तर तसंच दिसतं. वाचन बंद करू का? बदली मागू का? आणि खरं सांगू का, हा एकटेपणा गेला तर माझं लिहिणंही जाईल अशीपण भीती वाटते.

ताईचं उत्तर:

तू मला ताई म्हणालास म्हणून मीही अरे-तुरेच करते. तुझं पत्र वाचताना मी एका वाक्यावर थांबले, ‘पुस्तकांत तर तसंच दिसतं’. बाकीचं बोलूच, पण आधी हे बघू की पुस्तकांत खरंच तसं दिसतं का, कारण तू स्वतःबद्दल जो निकाल लावून टाकलायस तो सगळा या वाक्यावर उभा आहे. आणि असं लिहिणारा तू एकटाच नाहीस बरं, उदगीरहून, हिंगोलीहून, पुण्यात रूमवर राहून अभ्यास करणाऱ्या पोरापोरींकडूनही अशी पत्रं येतात, वाचनाची आवड असलेल्या एकट्या माणसाला पुस्तकातल्या एकट्या माणसात स्वतःचं तोंड दिसतंच.

मेरी शेलीचं ‘फ्रँकेन्स्टाइन’ घे, १८१८ सालचं. सिनेमे बघून लोकांना वाटतं ती राक्षसाची गोष्ट आहे. पुस्तकात फ्रँकेन्स्टाइन नावाच्या माणसानं घडवलेला तो जीव सुरुवातीला कसा आहे माहितीय का? एका गरीब कुटुंबाच्या घराला लागून असलेल्या खोपटात तो लपून राहतो, फटीतून त्यांना बघतो, त्यांचं बोलणं ऐकून भाषा शिकतो. आपण त्यांचंच अन्न चोरून खातोय आणि त्यांनाच पोटभर मिळत नाही हे कळल्यावर तो चोरी सोडतो, आणि रात्री जाऊन त्यांच्यासाठी सरपण गोळा करून ठेवतो. म्हणजे तो तेव्हाही पूर्ण एकटाच होता, बोलायला एक माणूस नाही, आणि तरी त्या एकटेपणातून जे बाहेर आलं ती माया होती. मग तो धीर करून घरातल्या आंधळ्या म्हाताऱ्याशी बोलायला जातो, बोलणं सुरू होतंय तोच म्हाताऱ्याचा पोरगा येतो आणि काठीनं मारून हाकलतो. कुटुंब घर सोडून जातं आणि हा ते घर जाळतो. पुढे नदीत बुडणाऱ्या एका पोरीला वाचवतो तर त्यालाच गोळी घालतात. खून, सूड, सगळं त्याच्या नंतरचं आहे. आणि इतकं झाल्यावरही तो मागतो काय, तर आपल्यासारखंच एक सोबतीचं माणूस.

आता बघ, तू असलं पुस्तक वाचतोस आणि डोक्यात काय राहतं, तर एकटा होता म्हणून क्रूर झाला. मधलं सरपण विसरतोस, काठी विसरतोस. एकट्या माणसाकडं कुणी आलं का, आलं तेव्हा काय झालं, तो कुणाकडं गेला तर त्याला कसं वागवलं गेलं, या सगळ्यातून स्वभाव घडलेला दिसतो, नुसत्या एकटेपणातून नाही. चांगले लेखक हे फार बारकाईनं लिहितात, आपण मात्र शेवट लक्षात ठेवतो.

उलटं उदाहरणही सांगते. रशियन लेखक चेखवची १८८६ सालची एक कथा आहे, त्यात इओना नावाचा म्हातारा घोडागाडीवाला. त्याचा तरुण पोरगा नुकताच गेलाय. बर्फ पडतंय, गाडीत एकामागून एक गिऱ्हाईक बसतंय आणि हा प्रत्येकाला सांगायला बघतो की पोरगा गेला हो. कुणी ऐकत नाही, कुणी शिव्या देतं, कुणी घाई कर म्हणतं. शेवटी रात्री तबेल्यात तो आपल्या घोडीलाच सगळं सांगतो. हा माणूस एकटेपणानं कडू झालेला नाही, उलट जो भेटेल त्याच्याकडं तो वळायलाय. असले इओना तू तुझ्याकडच्या गावात बघितलेत की. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या की वस्तीवर म्हातारी माणसं आणि शाळेची लेकरं मागं राहतात, आणि मग एखादी म्हातारी रस्त्याच्या कडेला बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवते, कुणाचा रे तू, चहा घेतोस का म्हणते. तिच्याच शेजारचा म्हातारा मात्र दाराला कडी लावून बसतो आणि लेकरांवर खेकसतो. दोघांची लेकरं एकाच कारखान्यावर गेलीत, एकटेपण तेच, वागणं किती वेगळं. तुझ्या कथेसाठी हे दोघं फार कामाचे आहेत, त्यावर पुढं येते.

आणि आता ‘कोसला’. १९६३ साली आली तेव्हा नेमाडे पंचविशीतले होते आणि तेव्हापासून मराठीतल्या किती पिढ्यांच्या पोरांना वाटलं की हे आपलंच आहे, त्यामुळं तुला वाटलं यात नवल नाही. पण एक गोष्ट बघितलीस का, पांडुरंग रूमवर दार लावून बसलेला माणूस नाहीच. तो पुण्यात हॉस्टेलवर आहे, मेस सांभाळतो, कॉलेजातल्या भानगडीत पडतो, मित्रांसोबत हिंडतो, लोकांकडून फसवला जातो. माणसांच्या गर्दीत राहून तो एकटा आहे. धाकट्या बहिणीचं, मनीचं मरण आहे, वडिलांशी असलेली तेढ आहे, परीक्षेतलं अपयश आहे, गावी परत येणं आहे. त्याचं ते सगळं फालतू वाटणं या एवढ्या गोष्टींतून आलंय. तू त्याचं वाटणं तेवढं घेतलंस, अंगावर शर्ट घालावा तसं. मी रागवत नाहीये, पंचविशी-तिशीत सगळेच घालतात. पण त्या शर्टाला तू स्वतःची कातडी समजायलायस, आणि आईलाही ते पटायलंय.

आणखी एक. पांडुरंग अख्खी कादंबरी बोलतोय. वाचणाऱ्याला सगळं सांगतोय, मनीचंसुद्धा. ज्याला खरोखर सगळंच फालतू वाटतं तो इतकं कशाला सांगेल?

तुझ्या डब्याच्या गोष्टीकडं येते, मला ती पत्रातली सगळ्यात महत्त्वाची वाटली. ‘रॉबिन्सन क्रूसो’ तू वाचलाच असशील, निदान संक्षिप्त तरी, १७१९ चं पुस्तक. बेटावर एकटा अडकलेला माणूस, माणसाच्या आवाजासाठी आसुसलेला, पोपटाला स्वतःचं नाव म्हणायला शिकवतो. आणि कित्येक वर्षांनी एके दिवशी त्याला वाळूत माणसाच्या पावलाचा ठसा दिसतो. आपल्याला वाटेल आता हा आनंदानं नाचेल. तो भीतीनं पळत सुटतो, मागं वळून वळून बघतो, आणि मग कितीतरी दिवस स्वतःच्या राहण्याच्या जागेभोवती कुंपणावर कुंपण घालत बसतो. त्याच्या भीतीला कारण होतं हे पुढं कळतं, पण ठसा बघितला त्या घडीला त्याला काहीच माहीत नव्हतं. जॉन कॅसिओपो नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं कित्येक वर्षं एकटेपणावर काम केलं, त्याचं म्हणणं थोडक्यात असं की एकटं वाटायला लागलं की मेंदू माणसांच्या बाबतीत सावध होतो, धोका हुडकायला लागतो. साधं बोलणं टोमणा वाटतं, न आलेलं उत्तर अपमान वाटतो. मग माणूस आधीच अंग चोरून वागतो, समोरच्यालाही ते जाणवतं, तो लांब राहतो, आणि ह्याला वाटतं बघा, मी म्हणतच होतो. तुझ्या सरांच्या भाजीत तुला उपकार दिसायलेत ना, ते हेच. तुझा स्वभाव सडलाय असं काही नाही रे, तुझं मन पहारा द्यायलंय. इतके दिवस कुणी सोबत नसताना असा पहारा बसणं साहजिक आहे, आणि बसलेला पहारा उठतोही.

यात आणखी एक लक्षात घे. २०११ साली एकटेपणावरच्या बऱ्याच उपायांच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात दिसलं की नुसती माणसं जमवण्यापेक्षा, माणसांबद्दल आपण जे अंदाज बांधतो ते तपासून बघायला शिकवणं जास्त उपयोगी पडलं. म्हणून मी तुला ‘जरा लोकांत मिसळत जा’ असं म्हणणार नाही, ते तुला घरचे सांगतच असतील आणि त्यानं काही होत नाही हेही तुला कळून चुकलं असेल. मी म्हणते, एक अंदाज तपास. सरांनी भाजी पुढं केली की घे, खा, आणि कुणी केली, कशी केली एवढं विचार. पुढच्या बाजाराच्या दिवशी तुझ्याकडून काहीतरी ने, तुझ्याकडच्या पद्धतीचा शेंगदाण्याचा ठेचा ने, तुला येत असेल तर. मग बघ ते उपकार दाखवतात का. दाखवले तर तुझा अंदाज खरा, मला लिहून कळव. पण मला वाटतं त्या सरांनाही दोन शिक्षकी शाळेत एकटं वाटत असेल, तीच शाळा, तोच रस्ता, आणि सोबतीला आलेला नवा मास्तर बोलेना.

आता तुझ्या शाळेच्या गावाबद्दल. तू पत्रात शाळा, रूम, गाडी, सर, ग्रुप एवढं लिहिलंस. गाव कुठंय त्यात? लेकरं कुठंयत? किनवटकडं तर कोलाम, गोंड, आंध, बंजारा अशी वस्ती, कितीतरी लेकरं घरी कोलामी, गोंडी नाहीतर गोरमाटी बोलतात, तेलंगणाची हद्द जवळ म्हणून तेलुगूही कानावर पडतं. तू अंबाजोगाईचा, आद्यकवी मुकुंदराजांच्या गावाकडचा, तुझी मराठी त्यांना परकी आणि त्यांची भाषा तुला. तुझ्या एकटेपणाचं निम्मं कारण इथं असेल असं मला वाटतं, म्हणजे त्यात तुझ्या सोभावाचा काही दोषच नाही, तू अशा जागी आहेस जिथं आजूबाजूच्या गप्पा कळत नाहीत. हे दुरुस्त करता येण्यासारखं आहे आणि तेही तुझ्याच वर्गात. लेकरांना म्हण, मला तुमच्या भाषेत पाणी कसं मागतात सांगा, झाडाला काय म्हणता, आज्जीला काय म्हणता. फळ्यावर देवनागरीत लिही, चुकीचं म्हण, त्यांना हसू दे. मास्तरला शिकवायला मिळालं की लेकरं घरी जाऊन सांगणार, आणि मग आई-बाप शाळेच्या दाराशी थांबून दोन शब्द बोलणार.

‘बनगरवाडी’ पुन्हा वाच असं मी तुला सांगेन, व्यंकटेश माडगूळकरांची, १९५५ ची. तू वाचली असशीलच, पण आता मास्तर झाल्यावर वाच. त्यातला मास्तरही पोरसवदा आहे, एकटाच माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर जातो, वाडीला त्याचा भरवसा नाही, शाळेत पोरं येत नाहीत. पण तो कसा माणसांत येतो बघ. मी एकटा आहे हो असं सांगत फिरत नाही, लोक काहीबाही कामं घेऊन येतात ती तो करतो, कुणाचं काय अडलंय त्यात लक्ष घालतो, आणि पुढं वाडीला तालीम बांधायचं डोक्यात घेतो. कामातून नाती होतात, नात्यांतून गैरसमजही होतात, ते माडगूळकरांनी लपवलेलं नाही. आणि शेवटी दुष्काळानं वाडी उठते, तेव्हा त्याला जे एकटं वाटतं ते पहिल्या दिवसाच्या एकटेपणापेक्षा पार वेगळं आहे, कारण आता गेलेल्या प्रत्येकाचं नाव त्याला माहीत आहे. एकाच पुस्तकात, एकाच माणसाला दोन तऱ्हेचं एकटेपण. तुझा कुठला आहे हे तूच ठरव, मला तर तो पहिलाच वाटतो. लगेच तुझी शाळा बनगरवाडी होईल असं मी म्हणत नाही हां, काळ वेगळा, आणि आजच्या मास्तरामागं ऑनलाइन माहिती भरायची कामं किती लागलीत तेही मला माहितीय.

संपादकांनी जे लिहिलं ते तुला लागलं असेल, पण त्यांनी तुझ्या कथेचा आणि तुझ्या पत्राचा दोष एकाच वाक्यात सांगितलाय. तुझ्या नायकाला एकटेपण सोडून दुसरं काही दिलेलंच नाहीस. इओना घोडागाडी हाकतो, घोडीच्या दाण्यापुरतेही पैसे मिळाले नाहीत हे त्याच्या मनात आहे. फ्रँकेन्स्टाइनच्या त्या जीवाला वाचायची हौस आहे. पांडुरंग चेष्टेखोर आहे, हसवतो. एकटेपण या सगळ्यावर येऊन बसतं तेव्हा ते दिसतं. तुझा माणूस एकटा व्हायच्या आधी कसा होता ते लिही, कशाला हसायचा, कशात हुशार, कुणावर जळायचा. एखाद्या माणसाबद्दल त्याचा अंदाज साफ चुकू दे. आणि कुणीतरी त्याच्याकडं येऊ दे, मग तो काय करतो ते कथेत घडू दे, खिडकीत बसून त्याला सुचलेले विचार कमी कर. ती वस्तीवरची म्हातारी आणि कडी लावून बसणारा म्हातारा, त्या दोघांना एकाच दुपारी समोरासमोर आण आणि बघ काय बोलतात. मला ती कथा वाचायला आवडेल.

राहिली तुझी ती भीती, की एकटेपण गेलं तर लिहिणं जाईल. ही मला खरंच काळजीची वाटली, कारण अशा भीतीपोटी माणूस बरं व्हायचंच टाळतो. लिहायला एकांत लागतो, रोज तासभर, सुट्टीला अख्खी सकाळ, तो तू भांडून मिळव. पण एकांत तू स्वतः निवडतोस आणि त्यातून उठून जेवायला कुणाकडं तरी जाता येतं. आपल्याच परभणीचे बी. रघुनाथ निजामाच्या राज्यात बांधकाम खात्यात नोकरी करत लिहीत राहिले, कविता, कथा, कादंबऱ्या, आणि त्यांच्या लिहिण्यात आजूबाजूची माणसं भरलेली आहेत. परभणीचेच आसाराम लोमटे पत्रकारिता करत कथा लिहितात, ‘आलोक’ या संग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि त्या कथांतला गाव, त्यातलं राजकारण, माणसांची घुसमट दार लावून बसून कुणालाच सुचणार नाही. किनवटसारख्या भागातल्या शाळेत रोज जाणारा मास्तर, त्याच्याकडं किती लिहिण्यासारखं आहे याची तुला कल्पना नाही, कारण तू संध्याकाळ व्हायची वाट बघत दिवस ढकलायलायस.

तेव्हा वाचन बंद करू नकोस, अजिबात नको. फक्त ‘कोसला’ काही महिने ट्रंकेत ठेव, ती कुठं पळून जात नाही, आणि वाचताना पेन्सिल जवळ ठेव. जिथं जिथं एकट्या माणसाकडं कुणी येतं किंवा तो कुणाकडं जातो तिथं खूण कर, तुला अशा जागा वाटतात त्याहून फार जास्त सापडतील. वाचलेलं कुणाला तरी सांगायलाही लाग. दुपारच्या सुट्टीनंतर लेकरांना रोज एक पान मोठ्यानं वाचून दाखव, समजत नसेल तिथं हातवारे करून सांग.

आईच्या फोनचं. ‘काय चाललंय’ याला ‘काही नाही’ हेच उत्तर येणार, त्याला तूही काय करणार. तू आधी फोन लाव आणि एक काहीतरी नेमकं विचार, हरभरा कसा आलाय, ज्वारीची भाजणी कशी करतेस, अमक्याच्या पोरीचं जमलं का. आईला सोभाव बदलल्याची खूण दोन मिनिटांच्या फोनमधून मिळालीय, तिला दुसरी खूण मिळू दे. आणि ग्रुपचं म्हणशील तर केंद्राच्या ग्रुपवर कुणीच कुणाला उत्तर देत नाही रे, तिथं फक्त परिपत्रकं आणि वाढदिवस असतात, ज्याच्याशी बोलायचंय त्याला सरळ कॉल कर.

एक गोष्ट वेगळी काढून सांगते, तुझ्यासाठी आणि हे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी. एकटं वाटणं हा काही आजार नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे जगात दर सहा माणसांत एकाला ते छळतं. पण दोन आठवडे किंवा जास्त झोप नीट लागत नसेल, जेवण जात नसेल, कशातच रस वाटत नसेल, वाचनातसुद्धा, किंवा जगून काय करायचं असं मनात येत असेल, तर ते सल्ला सदराचं काम नाही. मानसिक त्रासात बोलायला टेली मानसचा सरकारी नंबर आहे, १४४१६, फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. मास्तर असून असा फोन कसा करू असं मनात आणू नकोस.

आणि बदली. घरचं कारण असेल, आई-वडिलांची तब्येत, शेती बघायला कुणी नाही, तर बिनधास्त माग, त्यात कमीपणा काहीच नाही, आणि तुझ्या जिल्ह्याला जायचं तर आंतरजिल्हा बदली तुला मागता येते का, ते नियम आधी नीट बघ, सोबतच्या सरांनाच विचार, त्यांना माहीत असतील, तेवढंच बोलणंही होईल. पण नुसता एकटेपणातून सुटायला जाणार असशील तर थोडं थांब. पहारा देणारं मन तू अंबाजोगाईलाही सोबतच घेऊन जाशील, आणि तिथं तर सगळे ओळखीचे, तिथं एकटं वाटलं तर दोष द्यायला किनवटही नसेल. या उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत डब्याचं, भाषेचं, आईच्या फोनचं एवढं करून बघ, आणि मग सुट्टीत घरी बसून अर्जाचं ठरव. कथा पुन्हा लिहिलीस तर मला पाठव, वाचून सविस्तर कळवते.